परतल्यावर सांगा

ताटात वर, लिंबाच्या फोडीशेजारी, आईने वाढलेली मिठाची चिमूट... परीक्षित त्या मिठाकडे बघत राहिला आणि त्याला पाणबुडीवरच्या कॅप्टनचा हात आठवला. परीक्षितचे बाबा गेल्याचं माहीत असूनही कॅप्टन रोज जेवताना, काही न घडल्यासारखी, मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवत होता.

त्यात कॅप्टनचं काही चुकलं नव्हतं. पाणबुडी गस्तीवर गेली की महिनोन्महिने वर येत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच ब्रिटिश नेव्ही प्रत्येकाला विचारून ठेवते — घरचं कोणी गेलं तर लगेच सांगायचं, की परतल्यावर? डार्टमथच्या नेव्ही कॉलेजातून अधिकारी होऊन बाहेर पडला, बाबांनी त्याचा गणवेशातला फोटो लंडनच्या हॅरो भागात सगळीकडे मिरवला, तेव्हापासून दर गस्तीला त्याचं उत्तर एकच : परतल्यावर सांगा. कळून करणार काय? बोट थोडीच मागे वळणार आहे! याला तो शिस्त म्हणत आला होता... आणि बाबा गेले त्या आठवड्यात तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खात पोट धरून हसत होता. इकडे स्मशानगृहात दाहिनीचं बटण दाबलं ते धाकट्या बहिणीने, स्वरालीने.

नातेवाइकांना आई सांगत असे, नेव्हीने कळवलंच नाही हो त्याला. तोही ते खोडून काढत नसे. सोमवारी पुन्हा स्कॉटलंडला, बेसवर. पुन्हा तोच प्रश्न. आणि आता हॅरोजवळच्या स्टॅनमोरच्या या घरात सत्तरी उलटलेली आई एकटी.

"तुम्हाला आधी विचारतात म्हणे," वरण वाढता वाढता आई म्हणाली. "स्वराली बोलली."

"हो."

ती रागावेल असं त्याला वाटलं. तिने भातावर तूप घातलं.

"माझ्या वेळी लगेच सांगायला सांग. येऊ नकोस, ते कळतं मला. पण मी गेलेय आणि तू तिकडे हसतोयस... तसं नको रे."

"आई, मला तिथे ड्यूटी असते. कळलं तर—"

"तर रडशील. तुझे बाबा इथे असताना त्यांची आई गेली पुण्यात. रडले, तोंड धुतलं, आणि गेले पेशंट बघायला."

हो म्हणायचं सोडून त्याने लिंबाची फोड भातावर पिळली. बोटीची काळजी, माणसांची काळजी — सगळ्या सबबी. इतकी वर्षं समुद्राच्या तळाशी राहिला, कधी भ्याला नाही, म्हणून तो स्वतःला धीट समजत होता. तो तर फक्त वाईट बातमी ऐकायचं टाळत होता... समोर आई शांतपणे भात कालवत होती, आणि त्याला, नेव्हीतल्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला, तिच्यासमोर बसवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं.