निरोगी गुडघ्यासाठी प्रार्थना

असत्याने मिळवलेले धन परत करता येते. ज्याचे त्याला देऊन टाकले, क्षमा मागितली, की निदान व्यवहार तरी पुरा होतो. परंतु असत्याने मिळवलेली करुणा कुठे परत करावी? ज्याने आपल्यासाठी डोळे मिटले, ज्याचे ओठ आपल्यासाठी हलले, त्याच्या हाती ती पुन्हा कशी ठेवावी? कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखात, एल्डन क्रीक नावाच्या गावी, जोनास व्होथ या तरुणाला हा प्रश्न पडला, तेव्हा त्याचे उत्तर देण्याची वेळ बहुतेक टळून गेली होती.

जोनास तेथील छोट्या कॉलेजच्या अमेरिकी फुटबॉलच्या संघात बचावफळीच्या मध्यभागी उभा राहत असे. अंगाने कोठारासारखा रुंद, चालीने संथ आणि चेहऱ्याने इतका निष्कपट की, त्याने काही लपवले तर ते कपाळावर वाचता यावे. त्याचे आजोबा हर्मन व्होथ गावातल्या मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे ज्येष्ठ सेवक होते. आईबापांमागे त्यांनी आणि एल्डा आजीने त्याला वाढवले होते. संघातली मुले त्याला चेष्टेने ‘धाकटे पाद्रीबुवा’ म्हणत.

संघ वर्षानुवर्षे हरत आला होता. म्हातारे कोच निवृत्त झाले आणि त्या उन्हाळ्यात वॉरन टिलरी नावाचे नवे मुख्य कोच आले. मनुष्य दुष्ट नव्हता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. पहाटे मैदानावर चुन्याच्या रेघा ते स्वतः मारत, मुलांचे जेवण झाल्याखेरीज ताटाला हात लावत नसत. पण त्यांच्यापाशी खेळाडू थोडे होते. प्रतिस्पर्धी संघ दोन डावांमध्ये श्वास घेण्याचीही उसंत न देता चेंडू पुढे रेटू लागले, की उत्तरार्धात एल्डन क्रीकची बचावफळी अक्षरशः धापा टाकीत उभी असे. बदली द्यावी तर बाकावर बदलीचा माणूस नसे.

सप्टेंबरात एके दिवशी सराव संपल्यावर कोचनी जोनासला थांबवून घेतले. खेळाडू जखमी होऊन पडला की खेळ थांबतो, पडलेल्याने एका डावापुरते बाहेर जायचे असते, आणि तेवढ्यात बाकीच्यांना दम घेता येतो, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावले. सहायक कोचनी टोपी उलटी फिरवली की खाली पडायचे, इतकेच काम.

“मी तुझ्याकडे डाव मागत नाहीये,” कोच म्हणाले, “दहा पोरांसाठी एक श्वास मागतोय.”

जोनासने मान खाली घालून विचारले, मीच का?

“कारण तुझ्यावर कोणी शंका घेणार नाही, बाळा.”

ही स्तुती होती, आणि हीच त्याच्या आयुष्यातली पहिली लाजिरवाणी स्तुती होती. तो नाही म्हणाला नाही.

पहिल्यांदा टोपी फिरली तेव्हा तो उजवा गुडघा धरून कोसळला. सारे मैदान एकाएकी निःशब्द झाले. त्या भागात रीत अशी की, कोणी पडला तर दोन्ही संघांनी एक गुडघा टेकून बसायचे. डोळे किलकिले करून त्याने पाहिले, समोरच्या संघाची अकराही मुले, ज्यांनी क्षणापूर्वी त्याला धडका दिल्या होत्या, शिरस्त्राण हातात घेऊन गुडघ्यावर बसली होती. एकाचे ओठ हलत होते. प्रेक्षकांनी टोप्या काढल्या होत्या. त्या शांततेत वाऱ्यावर झेंड्याची दोरी खांबाला आपटत होती, आणि जोनासला वाटले, आता ही जमीन दुभंगली तर बरे.

ती दुभंगली नाही. संघ जिंकला.

पुढेही जिंकत गेला. टोपी फिरे, जोनास पडे, लोक गुडघे टेकीत. त्याच्या शेजारी खेळणारा टेक्ससचा ओझायस बेल, ज्याला सगळे ओझी म्हणत, त्याला कपडे बदलायच्या खोलीत चिडवी.

“पाद्रीबुवा, आज जरा जास्तच कण्हलात. हॉलीवूडवाले दाराशी येऊन बसतील.”

सारे हसत. जोनासही हसे, कारण न हसणे म्हणजे कबुली देणे झाले असते. ओझी त्याचा गावातला एकमेव खरा मित्र होता. त्याच्यासारखी कृष्णवर्णीय माणसे त्या गावात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, आणि घर शेकडो मैल लांब. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो व्होथांच्या स्वयंपाकघरात बसून आजीच्या वेरेनिके, म्हणजे पनीर भरून उकडलेल्या करंज्या, वरून हॅमचा रस्सा ओतून, लाज न बाळगता खात असे.

गाव आनंदाने फुलले होते. धान्याच्या उंच कोठारावर संघाचे निळे फलक लागले. राष्ट्रीय फेरीत जायला आता शेवटचा एक सामना जिंकायचा उरला होता. त्याच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये, सुखदुःखे सांगण्याच्या वेळी, एल्डा आजी उठून उभी राहिली. नातवाचा गुडघा वारंवार दगा देतो आहे, मंडळींनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, एवढेच ती बोलली. त्याला पुढे बोलावले गेले. तेल लावून, हात ठेवून आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याची त्यांची जुनी परंपरा आहे.

आजोबा तेलाची छोटी कुपी घेऊन आले. त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे संधिवाताने झिजले होते. दोन वर्षे ते उभ्यानेच प्रार्थना करीत. त्या दिवशी मात्र बाकाची कड धरून, दात आवळून, हळूहळू ते लाकडी जमिनीवर नातवापुढे गुडघ्यांवर बसले. त्यांनी तळहात त्याच्या निरोगी गुडघ्यावर ठेवला. बसताना झालेला त्यांच्या हाडांचा आवाज पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेला होता.

“प्रभो,” ते म्हणाले, “याचं दुखणं मला दे, पण पोराला उभं ठेव.”

तो क्षण बोलण्याचा होता. एक वाक्य पुरे होते, आणि त्या वाक्याची सगळी किंमत एकट्या जोनासला द्यावी लागली असती. त्याने आजोबांना हात देऊन उठवले, आणि मंडळींना तो कृतज्ञतेने गहिवरला आहे असे वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याने कोचना सांगितले की, आपण यापुढे पडणार नाही. कोच खिडकीबाहेरच्या कापलेल्या ज्वारीच्या रानाकडे वळले. म्हणाले की, एकच सामना उरला आहे, तुझे तू ठरव. टोपी मात्र फिरेल, हे त्यांनी सांगितले नाही.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. चौथ्या सत्रात एल्डन क्रीक थोड्या गुणांनी पुढे होते आणि प्रतिस्पर्धी वादळासारखे चालून येत होते. टोपी फिरली. जोनास उभाच राहिला. पुन्हा डाव झाला, पुन्हा काही वार जमीन गेली, पुन्हा टोपी फिरली. त्याच्या बाजूच्या मुलाला धापेने ओकारी आली. ओझीने एकदा टोपीकडे आणि एकदा जोनासच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर जे होते ते त्याला वाचता आले असावे. पुढचा डाव संपताच ओझीच पाय धरून खाली कोसळला. मित्राचे ओझे त्याने न सांगता उचलले होते.

मैदान निःशब्द झाले. समोरची मुले गुडघ्यांवर बसली. जोनासची नजर प्रेक्षकांकडे गेली. आजोबा टोपी छातीशी धरून, पुढच्या फळीचा आधार घेत, खाली बसण्याची धडपड करीत होते.

त्याच्याने ते पाहवले नाही. तो प्रतिस्पर्धी कर्णधाराजवळ गेला, आणि पंचही शेजारीच उभे होते.

“उठा,” तो म्हणाला. “प्रार्थना नको. त्याला काही झालेलं नाही.”

हे सत्य होते. पण ते अर्धे होते. ‘मलाही कधी काही झालं नव्हतं’ हे दुसरे अर्धे त्याच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले.

मुले सावकाश उठली. पाहुण्यांच्या बाजूने हुर्यो सुरू झाली, आणि बातमी कानोकानी पोचली तशी ती घरच्या बाजूनेही उठली. ओझी एकटा, कोणाच्याही आधाराशिवाय, धड चालत बाहेर गेला. नियमाप्रमाणे तो एक डाव बाहेर होता. त्याच्या मोकळ्या जागेतच चेंडू फेकला गेला आणि सामना तिथेच गेला.

त्यानंतर जे घडले ते पराभवाहून वाईट होते. लोकांनी जोनासचे अभिनंदन केले. पेट्रोलपंपावर एका शेतकऱ्याने त्याचा हात दाबून म्हटले की, हरलो तरी व्होथांच्या पोराने गावाची अब्रू राखली. बाहेरून आणलेली पोरे असलीच, असेही तो म्हणाला. सोमवारी ओझीला कॉलेजच्या अध्यक्षांपुढे उभे राहायचे होते, आणि त्याची घरी रवानगी होणार असे सगळीकडे बोलले जात होते. सहायक कोच गप्प होते. टिलरीही गप्प होते.

त्याच संध्याकाळी जोनास वसतिगृहात ओझीच्या खोलीवर गेला. ओझी पलंगावर बसून बुटांची माती खरवडत होता. त्याने वर पाहिले नाही.

“तू आपला आत्मा धुऊन घेतलास, जोनास,” तो शांतपणे म्हणाला, “आणि घाण पाणी माझ्या अंगावर ओतलंस. आता जा. थकलोय मी.”

या वेळी त्याने पाद्रीबुवा म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुखदुःखे सांगण्याच्या वेळी जोनास न बोलावता उभा राहिला. त्याने बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. आपला गुडघा कधीच दुखला नाही, हंगामभर आपण खोटे पडलो, ओझी केवळ आपल्या जागी पडला, आणि तुम्ही माझी जी स्तुती केली ती चोरीची आहे, हे त्याने सांगितले. आजीकडे तो पाहू शकला नाही. मग अगदी मागच्या बाकावरून कोणी तरी उठले. ते कोच टिलरी होते.

“टोपी फिरवायला मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पोरं माझं ऐकत होती. उद्या अध्यक्षांपुढे हेच सांगेन.” आणि बसण्याऐवजी ते तसेच उभे राहिले, जणू बसण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

हर्मन आजोबांनी नातवाला जवळ घेतले नाही, की शब्दाने दुखवलेही नाही. उपासना संपल्यावर त्यांनी कोट चढवला, काठी घेतली आणि वसतिगृहाची वाट धरली. जोनास दोन पावले मागे चालत राहिला. तीन जिने चढायला त्यांना फार वेळ लागला. प्रत्येक वळणावर ते थांबत, आणि नातवाने पुढे केलेला हात नाकारीत.

ओझीने दार उघडले. म्हाताऱ्याला दारात पाहून तो गोंधळला.

“काल लोक तुला हिणवत होते,” आजोबा धापा टाकीत म्हणाले, “तेव्हा मी तिथंच बसलो होतो. तू माझ्या घरी जेवलेला पोरगा. आणि मी टोपी हातात धरून गप्प राहिलो. माझ्या नातवाचं पाप तुझ्या नावावर चढलं, ते मी चढू दिलं. यानं आपलं सगळं आज चर्चपुढे सांगितलं, पण माझं बोलायचं राहिलं होतं. मला माफ कर, बाळ.”

ओझीने खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले.

“आजोबा, आधी बसा बरं. तुमचे गुडघे तरी खरे आहेत ना?”

म्हातारा हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. ओझीने जोनासकडे पाहिले नाही. पण दारही लावले नाही. जोनास उंबरठ्यावर उभा राहिला. आत जावे की नाही हे त्याला कळत नव्हते, आणि त्या दिवशी तरी कोणी त्याला आत ये म्हटले नाही.

त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला धीर लाभो, आत बसलेल्याचा सन्मान त्याला पूर्ण परत मिळो, वृद्धाला जिने उतरण्याचे बळ मिळो, आणि ज्याने मुलांसाठी श्वास मागताना मार्ग चुकला त्यालाही पुढची वाट सरळ सापडो. त्या सर्वांचे कल्याण असो.