बाहेर गेल्याची नोंद नाही

"मशीन खोटं बोलते का? एवढंच सांग मले," वासुदेवराव खालून म्हणाले.

धम्मदीप फाटकाजवळ स्टुलावर उभा राहून हजेरीच्या यंत्राचं झाकण उघडत होता. तोंडात स्क्रू धरलेले होते म्हणून तो काही बोलला नाही. नाहीतर तिथंच भांडण झालं असतं. त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे साऱ्या लाखांदूरला ठाऊक होतं. त्याची बायको रुचिता तर घरातून निघताना डब्याबरोबर ताकीदही द्यायची, "जीभ आवरून बोला." आजही दिली होती.

दिघोरीच्या रस्त्यावरची ही राईस मिल वासुदेवरावांची, आणि भिंतीवरचं यंत्र धम्मदीपचं. काडेपेटीएवढा एक बोर्ड आणि त्याला जोडलेला कार्ड वाचणारा तुकडा. बाईनं सकाळी कार्ड टेकवलं की 'टी' असा आवाज व्हायचा, कार्डाचा नंबर मिलच्या वायफायवरून धम्मदीपनं बनवलेल्या वेबसाइटवर जायचा आणि तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. म्हणजे बाई आत. संध्याकाळी पुन्हा टेकवलं की ठिपका राखाडी. म्हणजे बाई बाहेर. पुण्यातली नोकरी सुटल्यावर धम्मदीपनं एसटी स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. चार्जर आणि काचा बदलून बदलून कंटाळलेल्या त्या माणसानं हे यंत्र स्वतःच्या डोक्यानं उभं केलं होतं. पहिला 'टी' वाजला त्या दिवशी त्यानं मिलमधल्या सगळ्यांना पेढे वाटले होते.

मागच्या सोमवारी याच मिलमध्ये कामाला असलेली पंचफुला पोत्यांच्या थप्पीवरून पडली. आभाळ भरून आलं म्हणून ती ताडपत्री ओढायला वर चढली, पाय घसरला आणि खाली फरशीवर आदळली. खुबा मोडला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. ती धम्मदीपच्याच मोहल्ल्यातली, त्याच्या आईची मैत्रीण. लहानपणी त्यानं तिच्या घरची आंबील पोटभर प्यायली होती.

आणि वासुदेवराव म्हणत होते की ती त्या दिवशी कामावर नव्हतीच. वेबसाइटवर सोमवारी तिच्या नावापुढे ठिपका नव्हता. घरी कुठं पडली असेल आणि आता मिलच्या गळ्यात टाकते आहे. पोरं नाहीत, नवरा केव्हाच गेला, तिच्या बाजूनं बोलणारं कोण होतं? मोहल्ल्यातल्या लोकांनी अर्ज केला म्हणून दुपारी भंडाऱ्याहून कामगार खात्याचे साहेब चौकशीला यायचे होते.

धम्मदीपनं बोर्ड तपासला, तारा हलवून पाहिल्या. स्वतःचं कार्ड टेकवलं. टी. मोबाईलवर ठिपका लागला. सगळं ठणठणीत होतं. यंत्र बिघडलेलं निघालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, माफी मागून मोकळा झाला असता. पण त्याचं काम चोख होतं, आणि त्याच चोख कामावर बोट ठेवून हा माणूस खोटं बोलत होता. धम्मदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बराबर हाय ना?" वासुदेवरावांनी विचारलं.

"यंत्र बराबर आहे."

"बस. साहेबापुढे एवढंच बोल, जास्त नको. मिलवाल्यायची सभा हाय पुढच्या महिन्यात. मी शब्द टाकला का साऱ्या तालुक्यात तुह्याच मशीना लागतीन." त्यांनी धम्मदीपच्या पाठीवर हात ठेवला. धम्मदीप स्टुलावरून उतरला तो त्यांच्या हाताखालून निसटतच.

मागच्या अंगणात धान वाळत घातलं होतं. कलाबाई पायानं धान फिरवत होती. ती आणि पंचफुला गेली कित्येक वर्षं जोडीनं काम करत आलेल्या. कुठं एकीला बोलावलं तरी दोघी जायच्या.

"कलाकाकू, सोमवारी मावशीनं कार्ड लावलं होतं का?"

"लावलं होतं ना गा. वाजलं नाही. तिचं तं कधीचंच वाजत नाही." कलाबाईनं पदराची गाठ सोडली. "हे पाय, तिचंच हाय. पडली तेवा गळ्यातलं तुटलं. मीनं उचलून ठेवलं."

काळ्या दोऱ्यात ओवलेलं कार्ड. वरच्या कडेला गोल भोक आणि भोकाभोवती जळल्याचा पिवळा डाग. धम्मदीपनं ते उन्हात धरलं. आतून कडेकडेनं केसासारखी तार फिरलेली दिसत होती, आणि भोक नेमकं तारेवर पडलं होतं. तार तुटली की कार्ड मेलं. यंत्रापुढं ते धरलं काय आणि बिस्किटाचा कागद धरला काय, सारखंच.

"हे भोक कोणी पाडलं?"

"मीनं. साऱ्याईच्या कार्डाले मीनंच पाडले. चुलीत सुया तापवून."

"काहून पण?"

"काहून म्हणजे? लुगड्याले खिसा असते का? कमरेले खोचलं तं वाकता वाकता पडते. हरवलं का मालक म्हणते, कार्ड नाही तं काम नाही. मंग गळ्यात बांधलं. काईकाईचे वाजतेत, काईकाईचे नाही वाजत."

"मले विचाराचं तरी होतं ना वं! कडेनं तार असते त्याच्यात!"

कलाबाईचे पाय थांबले. "तूनं तरी कुठी सांगतलं होतं आत तार हाय म्हणून? कार्डं वाटले तेवा साहेबावानी उभा होता. टेकवा, टी वाजलं का आत जा. एवढंच बोलला तू."

खरंच तेवढंच बोलला होता तो. पेढे वाटायला वेळ होता, पण कार्ड कुठं ठेवाल हे एका बाईला विचारायला नव्हता. त्याला स्वतःचा राग आला, तिचाही आला, आणि तिचा आला म्हणून पुन्हा स्वतःचा आला.

"मंग हे माह्याच्यानं झालं का गा?" कलाबाईनं हळू आवाजात विचारलं.

"नाही. ज्याईचं वाजत नाही त्याईची हजेरी लागते कशी?"

"गोपीचंद आत घेते ना. संध्याकाळी हाफिसात नावं सांगते, मालक कंप्युटरवर चढवते."

हाताने हजेरी भरायचं ते बटण धम्मदीपनंच मालकांच्या हट्टापायी करून दिलं होतं. तो तडक फाटकावरच्या गोपीचंद चौकीदाराकडे गेला. सोमवारी पंचफुलाचं नाव सांगितलं होतं का, असं सरळ विचारलं.

गोपीचंदनं आधी ऑफिसकडे पाहिलं. "सांगतलं होतं. मालक म्हणाले, तिचं राहू दे." मग त्यानं धम्मदीपचा हात धरला. "पण माहं नाव घेऊ नको गा. पोरीचं लगन जुळून राहिलं माह्या. हे सुटलं तं या वयात कोण ठेवन मले?" एवढं बोलून तो फाटकाची कडी लावायला वळला.

धम्मदीप लिंबाखाली येऊन उभा राहिला. मोबाईलवर वेबसाइट उघडली. सोमवारची तारीख, पंचफुलाचं नाव, बटण. एक बोट दाबलं की ठिपका. खरं तेच भरणार होता तो. पण मालकांनी आधीच त्या दिवसाच्या हजेरीचा कागद छापून साहेबांना पाठवला होता. आता ठिपका उगवला तर पंचफुलाच खोटी ठरली असती. त्यानं शिवी हासडली आणि मोबाईल बंद केला.

साहेब आले. उन्हानं दमलेले, गरीब चेहऱ्याचे गृहस्थ. वासुदेवरावांनी पंखा त्यांच्याकडे फिरवला, चहा मागवला, कंप्युटरचा पडदा वळवला. "पाहा साहेब. सोमवारी ठिपकाच नाही. आता मशीनचं तं काही आमच्याशी भांडण नाही ना?" आपल्या विनोदावर ते स्वतःच हसले. बायका दाराबाहेर घोळक्यानं उभ्या होत्या.

"हे यंत्र तुम्ही बसवलंत?" साहेबांनी धम्मदीपला विचारलं. "नोंदीची खात्री देता?"

"यंत्र बरोबर आहे, साहेब."

वासुदेवरावांनी मान डोलावली.

"पण ते बाई पाहत नाही. कार्ड पाहते." धम्मदीपनं पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं, मोबाईलवर ते पंचफुलाच्या नावाला जोडलं आणि साहेबांच्या हातात दिलं. "चला, हे तुम्ही स्वतः टेकवा."

साहेब जरा गोंधळले, पण उठले. सगळे फाटकाशी गेले. त्यांनी कार्ड टेकवलं. टी.

परत येऊन पाहिलं तर पडद्यावर पंचफुला मेश्रामच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

"ती तर दवाखान्यात आहे ना?" साहेब म्हणाले.

"खुब्यात लोखंड घालून पडली आहे. अन् इथं कामावर आहे. आत्ताच तुम्ही आणली तिले." धम्मदीपचा आवाज चढला. रुचितानं दिलेली ताकीद कुठल्या कुठे गेली. "त्या दिवशी तिचं कार्ड मेलेलं होतं, म्हणून ती इथं असून नव्हती. हे पाहा तिचं कार्ड. आज ती इथं नाही, तं हजर आहे. हा ठिपका मी बनवला, साहेब. कसा लागते मले माहीत आहे. याच्यावरून कोणी माणसाले खोटं पाडत असन तं ते यंत्राचं काम नाही, त्या माणसाचं आहे."

"स्वतःच्या पोटावर पाय देऊन राहिला तू," वासुदेवराव थंडपणे म्हणाले. "आता एक मिल तरी घेईन का तुही मशीन?"

"नका घेऊ."

साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. ठिपका बाजूला ठेवू. पण ती बाई सोमवारी इथं होती, हे पाहिलेलं कुणी आहे?"

गोपीचंद आपल्या चपलांकडे पाहत होता. बायका एकमेकींच्या पाठीमागे सरकल्या. प्रत्येकीला घर होतं, आणि दिघोरीच्या पंचक्रोशीत बारमाही काम देणारी जागा ही एकच होती. धम्मदीपला त्या सगळ्यांचा संताप आला. तो संताप अन्यायाचा आहे हे कळत होतं, तरी आला.

मग कलाबाई दारातून आत आली. तिनं गळ्यातलं आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"मी आहो साहेब. माह्यासमोर पडली. मालकानं म्हटलं, आभाळ आलं, चढ अन् ताडपत्री ओढ. चढली. मीनंच तिच्या तोंडात पाणी टाकलं." तिनं टेबलावरचं कार्ड साहेबांपुढे सरकवलं. "कार्डाले भोक मीनं पाडलं. ते चूक माही, कबूल. पण ते थप्पीवरून पडली साहेब, भोकातून नाही पडली."

साहेबांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं, कलाबाईला वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला.

त्यांची गाडी वळणाआड गेली तशी वासुदेवराव कलाबाईला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." धम्मदीपकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "अन् तू काढ तुहं डबडं."

धम्मदीप स्टुलावर चढून स्क्रू काढू लागला. स्टूल हलत होतं. गोपीचंद आला आणि त्यानं दोन्ही हातांनी ते धरलं. धम्मदीपला त्याच्या तोंडाकडे बघावंसं वाटलं नाही. यंत्र पिशवीत टाकून तो निघाला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी कलाबाई आणि तो एसटीनं भंडाऱ्याला गेले. कलाबाईला आता कामाची घाई नव्हती. दवाखान्यात पंचफुला भिंतीकडच्या खाटेवर होती. मोडलेल्या पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावलेल्या. निकाल लागायला वेळ होता, आणि तो लागला तरी काठीशिवाय चालता येणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. कलाबाईनं झालेलं सगळं तिला सांगितलं. भोकाचंही सांगितलं. पंचफुला बराच वेळ तिचा हात धरून होती.

"अन् तुही मशीन काय म्हणते रे माह्याबद्दल?" तिनं धम्मदीपला विचारलं.

त्यानं मोबाईल उघडून तिच्यापुढे धरला. पडद्यावर कालचा हिरवा ठिपका तसाच होता. "म्हणते का तू कामावर आहेस. आत गेल्याचं लागलं. बाहेर निघाल्याचं कार्ड लावाच्या आधी मशीनच काढली. थांब, पुसून टाकतो."

"राहू दे," पंचफुला म्हणाली. "बराबर तं हाय. कामाले गेली, तेवापासून घरी कुठी आली मी?"

धम्मदीपचं बोट बटणावरच राहिलं. मग त्यानं ते उचललं आणि मोबाईल खिशात टाकला. कलाबाईनं खाटेखालचा डबा ओढला आणि ती पंचफुलासाठी भात कालवू लागली.