यादीतला सातवा पेपर

मालविकानं आपल्या पेपरांची छापील यादी लीलाकाकूंच्या पुढ्यात सरकवली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. एकूण एकतीस पेपर. इतर संशोधकांनी त्या सगळ्यांचा मिळून दोनशे चाळीस वेळा हवाला दिला होता, त्यातले एकशे चौऱ्याऐंशी हवाले एकट्या सातव्याचे. बाकीचे तीस तिनं लिहिले आणि छापणाऱ्यांनी छापले, एवढंच.

"काकू, तुमच्या सुश्रुतमुळे मी प्रोफेसर होणार," ती म्हणाली.

सोमवारी मुलाखत होती, तिसरी. आधीच्या दोन वेळा तिच्याहून धाकटे पुढे गेले होते आणि तो राग तिनं जपून ठेवला होता. मोलेक्युलर जेनेटिक्समध्ये उभी हयात घालवून चोपन्नाव्या वर्षीही विभागात तिला कुणी विचारत नव्हतं. म्हणून आज ती विद्यापीठातून थेट बालाजी घाटाच्या, ती वाढली त्या मराठी वस्तीच्या गल्लीत काकूंच्या पाया पडायला आली होती.

ह्यात आमच्या पोराचं लिहिलंय तरी काय, असं काकूंनी विचारलं. मालविकानं खुशीत समजावलं. सुश्रुत जन्मापासून बहिरा. अकरा वर्षांपूर्वी तिनं त्याचं, काकूंचं आणि वासुदेवकाकांचं रक्त तपासायला नेलं होतं. मुलाच्या एका जनुकात दोष सापडला, आईबापांत त्याचा मागमूस नव्हता. म्हणजे तो वारशानं आलेला नाही, ह्याच मुलात नव्यानं उपजला. त्या जनुकात असं पूर्वी कुणाला दिसलं नव्हतं.

आतल्या खोलीत सुश्रुत छापखान्याची प्रुफं तपासत बसला होता. त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही काकूंनी मधलं दार लोटून घेतलं.

"तो माझ्या पोटचा नाही, मालविका. नऊ दिवसांचा असताना ग्वाल्हेरहून आणला. ह्यांच्या चुलतभावाचा. सुश्रुतच्या सख्ख्या आईलाही ऐकू येत नव्हतं."

गल्लीत हे काही नवं नव्हतं. मुलगा नसला की भाऊबंदांतलं मूल मांडीवर घ्यायचं आणि पुढं तो विषय कुणी काढायचा नाही. काढला की मूल परकं होतं. मालविका त्या वर्षी हैदराबादला शिकत होती, तिला कुणी कळवलं नाही. असा पेपर लिहिताना आईबापांचं नातंही रक्तावरून पडताळायचं असतं. फार मोठं काम नव्हतं. पण काकूंनी तिला लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं. त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं ती तपासणी केलीच नाही. केली आहे, असं एक वाक्य मात्र पेपरात लिहून टाकलं.

"सुश्रुतला ह्यातलं काही माहीत नाही," काकू म्हणाल्या. "तुझा पेपर झूठा पडेल का गं?"

"तुम्ही फिकीर करू नका. मी कुणाला बोलणार नाही."

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. मालविकाला, खरं सांगायचं तर, स्वतःचं कौतुकच वाटलं. पेपर मागे घ्यायचा तर कारण छापावं लागणार आणि कारण छापलं की पोराचं घर मोडणार, असं ती ई-रिक्षात बसून स्वतःला पटवत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. घर येईपर्यंत तिला ते पुरतं पटलं होतं.

सोमवारी दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञानं सातव्या पेपरची तोंड भरून तारीफ केली. आईबापांची पडताळणी झालीच असेल ना, असंही त्यानं जाता जाता विचारलं. "हो, सर," मालविका म्हणाली.

ती बाहेर आली तर व्हरांड्यातल्या बाकावर लीलाकाकू बसल्या होत्या. विभागात त्या पहिल्यांदाच येत होत्या, तेही एकट्या. डोळे सुजलेले होते.

आदल्या दिवशी त्यांनी सुश्रुतला सगळं सांगून टाकलं होतं. हातांच्या खुणांनी एवढं सांगता येईना, म्हणून वहीत लिहून दिलं. त्याची शाळा हिंदी, म्हणून हिंदीत. त्यानं दोनदा वाचलं, वही परत दिली आणि आज सकाळच्या गाडीनं तो ग्वाल्हेरला निघून गेला. परत कधी येणार, ते त्यानं लिहिलं नव्हतं.

"आता तू मोकळी आहेस," काकू म्हणाल्या. "माझ्यापायी तुझं काम झूठं राहायला नको. आत जाऊन सांग त्यांना, जे खरं असेल ते."

मुलाखतीच्या खोलीचं दार अजून उघडंच होतं. आत चहा चालला होता, पुढच्या उमेदवाराला बोलावलं नव्हतं. मालविका काकूंच्या शेजारी बसली.

"त्याला सांगायची काही गरज नव्हती, काकू," ती म्हणाली.