हॅमर्सचा पेट्री

त्या हिवाळ्यात लिंडलच्या हॅमर्सनी, म्हणजे गावच्या आइस हॉकी संघाने, हरण्याचा नुसता सपाटा लावला होता. घरच्या बर्फावर हरले, परक्या बर्फावर हरले, आणि एकदा जिंकता जिंकता राहिले तेव्हा तर गोलरक्षकाने स्वतःच्याच पायाने रबरी चकती आपल्याच जाळ्यात लोटली. वरच्या लीगमध्ये जायची आशा धरून बसलेली पोरं आणि वरून परत आलेले बाप्ये, असा तो सगळा संघ. मोठ्या लीगवाल्यांना लिंडल नकाशावर दाखवलं असतं तर त्यांनी नकाशा झटकला असता. पण खाण बंद पडल्यापासून गावाकडे शनिवारच्या सामन्याशिवाय होतं काय? तेवढ्यासाठी लोक आंघोळी करून, धुतलेले शर्ट घालून यायचे. त्यातल्याही निम्म्या खुर्च्या आता रिकाम्या राहायला लागल्या होत्या. जे यायचे ते काही गोल बघायला येत नव्हते, उगाच खोटं कशाला बोला. ते ड्वेन पेत्रिशिनची मारामारी बघायला येत.

त्याला गाव पेट्री म्हणायचं. कॅनडातल्या सस्कॅचवानचा, तेहतीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा गडी. समोरच्या कुणी आपल्या पोराला आडवं केलं की पेट्री हातमोजे बर्फावर टाकायचा, आणि मग दोघांतला एक खाली पडेपर्यंत पंचसुद्धा लांब उभे राहायचे. पुढे दोघांना पाच-पाच मिनिटं शिक्षेच्या काचेच्या खोपटात बसवलं की झाला न्याय. गोल करणं त्याच्या नशिबात नव्हतं. चार मोसमांत त्याने जेमतेम सात-आठ केले असतील, आणि त्यातला एक त्याच्या पाठीला लागून गेला होता.

आइली कोस्केलाची खुर्ची त्या खोपटाच्या बरोबर मागे होती. सहासष्ट वर्षांची बाई, पण गळा असा की पलीकडच्या दाराशी पॉपकॉर्न विकणारा दचकायचा. क्लबच्या पगारात खेळाडूचं घरभाडं निघत नाही, म्हणून लिंडलचे चाहतेच खेळाडूंना घरी ठेवून घेतात. तशी रीतच आहे तिथली. आइलीच्या तळघरात पेट्री चौथ्या मोसमाला राहत होता. तिचा नवरा रेनो दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा पेट्रीने आणि संघातल्या पाच जणांनी त्याची शवपेटी खांद्यावर नेली होती, सामन्याचे शर्ट घालून. पाद्रीबुवांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आइलीला मात्र रेनोचा याहून मोठा मान कुणी केला नसता असं वाटलं होतं.

जानेवारीत एका सामन्यात पेट्रीला ठोसा बसला तो बसलाच, वर पडताना हेल्मेट निघालं आणि डोकं बर्फावर आपटलं. आवाज आइलीच्या खुर्चीपर्यंत आला. तो उठला, हात वर केला, लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आइलीनेही घेतलं. दुसऱ्या दिवशी ती कपडे धुवायला तळघरात उतरली तर त्याने खिडकीला घोंगडी ठोकली होती आणि तो अंधारात बादली पुढ्यात घेऊन बसला होता.

"पोट बिघडलंय, मिसेस के," तो म्हणाला. "तुमच्या पेस्टीतल्या खिम्यात काहीतरी होतं."

"माझ्या पेस्टीला नावं ठेवतोस? तिघांच्या खाल्ल्यास काल."

"म्हणून तर बिघडलं."

तिने हसून सोडून दिलं. पण ते काही पोटाचं नव्हतं. दिवा लावला की तो डोळे झाकून घ्यायचा. तिने चमचा टाकला तरी त्याच्या चेहऱ्यावर कळ उमटायची. तरी शनिवारी जायचा, हातमोजे टाकायचा, आणि घरी येऊन भिंतीला धरून जिना उतरायचा. आइली हे सगळं बघत होती आणि मूग गिळून गप्प होती. संघ रडतखडत मोसम ओढत होता, पेट्री नसला तर निम्मे लोक तिकीट काढणार नव्हते, हे तिला कळत होतं. आणि आणखी एक, तिला तो लढताना बघायला आवडायचं. तसं तिने कबूल केलं नसतं, पण आवडायचं.

मग एका सकाळी न्याहारीला बसल्या बसल्या त्याने विचारलं, "रेनो दिसत नाहीत. खाणीवर गेलेत का?"

आइली शेगडीपासून वळली. तिला वाटलं चेष्टा करतोय, पण पेट्री असली चेष्टा करणाऱ्यातला नव्हता. तो पावाला लोणी लावत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

"ड्वेन," ती म्हणाली, "रेनो गेला ना रे. तूच खांदा दिलास."

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "डॉक्टरला सांगायचं नाही हं, मिसेस के. शप्पथ आहे तुम्हाला. एकदा त्याने कागदावर लिहिलं की संपलं माझं. मला दुसरं येतं काय? सांगा ना, काय येतं?"

तिने शप्पथ घेतली, आणि त्याच दुपारी मोडली. डॉक्टरकडे नाही गेली. इथेच बाई चुकली. ती गेली मार्व्ह ड्युबुककडे, संघाच्या प्रशिक्षकाकडे. लिंडलमध्ये कुणालाही काही झालं की माणूस आधी क्लबकडे धावतो. क्लब म्हणजे घरचंच असं धरून चालतो. मार्व्हने तिला कॉफी दिली, दार लावून घेतलं, सगळं शांतपणे ऐकलं, तिचा हात हातात घेतला.

"बरं झालं मला सांगितलंस, आइली. दुसऱ्या कुणाकडे बोलू नकोस. मी बघतो."

ती घरी आली ती हलकी होऊन. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली.

सकाळी मार्व्हचा फोन. पेट्रीला ब्रॅकेटच्या संघाला दिलं होतं, बदल्यात कुणीतरी एक कोवळं पोर येणार होतं. "आज दुपारपर्यंत पोचव त्याला तिथे. तुझी गाडी चांगली आहे."

आइलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता: खेळाडू जखमी आहे असं डॉक्टरने एकदा लिहिलं की बरा होईपर्यंत त्याचा पगार आणि औषधपाणी त्या क्लबच्या गळ्यात. लिहिण्याआधी दुसऱ्याला दिला की क्लब मोकळा.

"मार्व्ह, मी काल तुला काय सांगितलं?"

"काल? काल तू आलीस, कॉफी प्यालीस. मला तर बाकी काही आठवत नाही."

"लाज नाही वाटत?"

"वाटते," मार्व्ह म्हणाला. "पण क्लब बुडाला तर वीस जण रस्त्यावर येतील. शनिवारी तू कुठे बसणार आहेस ते पण बघ जरा." आणि त्याने फोन ठेवला.

पेट्री मात्र खुशीत होता. दाढी केली होती, टाय बांधला होता. गाडी गावाबाहेर पडली तरी त्याचं तोंड थांबेना.

"ब्रॅकेटने मला मागून घेतलं, मिसेस के. मार्व्ह म्हणाला, तिथला प्रशिक्षक हटूनच बसला होता. तेहतिसाव्या वर्षी कोण कुणाला मागतं?" मग थोड्या वेळाने, "माझ्या काठ्या घेतल्या ना मागे?"

"घेतल्या रे."

दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग आणि मागे काळी झाडं, रस्ता सरळसोट. तो गुणगुणत होता. "काठ्या घेतल्या ना?" त्याने पुन्हा विचारलं. आइली हो म्हणाली. गॅस स्टेशन मागे पडल्यावर त्याने तिसऱ्यांदा विचारलं. तिने नुसती मान हलवली.

पुढे फाटा होता. उजवीकडे ब्रॅकेट, डावीकडे शहर आणि शहरातलं मोठं इस्पितळ. आइलीने गाडी डावीकडे घातली.

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. पाट्या वाचून वाचून त्याचा चेहरा गोंधळला. "आपण कुठे चाललोय?"

"डोकं दाखवायला. मग सोडते तुला ब्रॅकेटला."

"दाखवलं की कुठलं ब्रॅकेट?"

"नसलं तर नसलं. ऐक माझं, पोरा. रेनोला खाणीतल्या धुळीने खाल्लं, तेव्हा पण सगळे म्हणायचे, अजून एक मोसम काढतो. मी बघितलंय ते. मला दुसऱ्यांदा बघायचं नाहीये."

"मार्व्हला ठाऊक आहे, तुम्ही मला इकडे आणताय ते?"

खोटं बोलायचं तर ही वेळ होती. पण आइलीला ते कधी जमलंच नाही. "मार्व्हला सगळं ठाऊक आहे. मीच सांगितलं काल. म्हणून तर त्याने तुला विकलं, बाबा. ब्रॅकेटला त्याने काही कळू दिलं नसणार."

 पेट्रीने टायची गाठ सैल केली, पुन्हा घट्ट केली. आइलीने तिरक्या नजरेने पाहिलं, तर त्या एवढ्या थोरल्या माणसाची हनुवटी थरथरत होती.

"मला वाटलं, मागून घेतलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "गाडी थांबवा."

तिने थांबवली नाही, तेव्हा त्याने धावत्या गाडीचं दार उघडलं. थंड वारा भसकन आत आला. तिने ब्रेक मारला, गाडी घसरत जाऊन बर्फाच्या ढिगाला टेकली. तो उतरला, मागून पिशवी आणि काठ्या काढल्या, आणि रस्ता ओलांडून उलट्या दिशेला अंगठा दाखवत उभा राहिला. ती त्याच्या मागे धावली. बाहीला धरलं, विनवलं, शेवटी चक्क रडली. तो तिच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होता. त्याने तिचा हात काढला, तोही हळूच, दुखू नये असा.

आणि कुणी यावं तर गॉर्डी नीएमी. लाकडं वाहायचा ट्रक, आरशाला हॅमर्सचा झेंडा. सामन्याला आइलीच्या मागच्याच रांगेत बसायचा तो. त्याने काच खाली केली आणि तोंडभर हसला.

"अरे, हा तर पेट्री. काय, म्हातारीने हाकललं का घरातून?"

"ब्रॅकेटला जायचंय," पेट्री म्हणाला. "त्यांनी घेतलंय मला."

"चल की मग. ब्रॅकेटच्या दारात नेऊन सोडतो, तेवढीच पोरांना सांगायला गोष्ट."

"गॉर्डी, नेऊ नकोस त्याला," आइली म्हणाली. "मी पाया पडते तुझ्या. त्याच्या डोक्याला मार लागलाय."

गॉर्डी खो खो हसला. "आइली, डोक्याला मार न लागलेला पेट्री तू कधी बघितलायस का?"

पेट्रीपण हसला. चढून वर बसला, काठ्या मांडीवर घेतल्या. जाता जाता गॉर्डीने मोठा भोंगा वाजवला, सामन्यात गोल झाल्यावर वाजवतात तसा. आइली ट्रक दिसेनासा होईपर्यंत तिथे उभी होती. मग गाडी ढिगातून काढायला तिला अर्धी दुपार लागली.

इस्पितळाला फोन केला, तर पेशंट कुठे आहे म्हणाले. ब्रॅकेटच्या क्लबला केला, तर एका पोरीने निरोप लिहून घेतला आणि तिचं नाव दोनदा चुकवलं.

शनिवारी हॅमर्सचा सामना नेमका ब्रॅकेटलाच होता. बसने गावातले पुष्कळ गेले. आइली गेली नाही. तिने ठरवलं होतं रेडिओसुद्धा लावायचा नाही, आणि साडेसातला लावला. पहिला अर्धा तास पेट्रीचं नाव आलं नाही. तिला वाटलं, निरोप पोचला बहुतेक. तिने चहा ठेवला.

तेवढ्यात सांगणाऱ्याचा आवाज चढला. पेट्री बर्फावर उतरला होता. मार्व्हने बदल्यात घेतलेलं ते नवं पोर त्याच्या अंगावर आलं होतं. हातमोजे पडले. पहिला ठोसा पोराचा, दुसरा पोराचा, पेट्री मागे सरकला. आइली स्वयंपाकघरात उभी होती. तिचं तोंड आपोआप उघडलं आणि ती ओरडली, "उजव्याने, पेट्री, उजव्याने मार." शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. पेट्रीने उजवा हात घातला, पोर खाली बसलं, रेडिओतला माणूस म्हणाला, संपलं, पेट्रीने जिंकलं. आइलीचं काळीज आनंदाने भरून आलं. खोटं कशाला, भरून आलं.

मग रेडिओवर हशा ऐकू आला. सांगणारासुद्धा हसत होता, त्याला धड बोलता येईना.

"मंडळी, काय सांगू... पेट्री आपल्या बाकावर येऊन बसलाय. हॅमर्सच्या बाकावर. पंच खोपटाकडे बोट दाखवतायत, पण हा हलायला तयार नाही. मार्व्ह सांगतोय त्याला, बाबा, तू आता ब्रॅकेटचा. छे, उठत नाही. लोक टाळ्या वाजवतायत बघा. जित्याची खोड, मंडळी, दुसरं काय."

टाळ्या चालूच होत्या. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. आइलीने उजव्या हाताची मूठ सोडायचा प्रयत्न केला, ती लवकर सुटेना.