व्हरांड्यातला बल्ब

दोन हजार सतरा सालचा पोळा नुकताच झाला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे जीप थांबते आणि पुढे नुसती पायवाट उरते, तिथल्या शाळेच्या छपरावर मलकापूरचा खुर्शीद सोलरच्या पाट्या आवळत होता. खाली मनकर्णाबाई पोरांच्या खिचडीचं पातेलं घासत होती.

"मावशी, चहा टाक ना व!"

"आधी उजेड दाखव, मंग चहा. तुह्यासारखे लय येऊन गेले बे."

त्या उजेडावर तिचं सगळं अडलं होतं. दिवाळीनंतर अख्खा पाडा कपाशी वेचायला खाली उतरायचा, पोरांसकट. यंदा गुरुजी म्हणाले होते, शाळेत दिवे लागले तर पोरांना रात्रीही इथेच ठेवून घेऊ. नात कोकिळा चौथीत होती. ती तरी वेचणीतून सुटणार होती.

बल्ब लागला. व्हरांड्यातला तर खुर्शीदने हौसेने सरळ बॅटरीवर जोडला, म्हणजे बॅटरी संपत आली तरी तो आपोआप बंद होणार नव्हता.

"दिवसा बटन बंद ठेवजो, मावशी. बॅटरीलेबी झोप लागते."

पंधरवड्यातच खाली फवारणीच्या मजुरीला गेलेला मनकर्णाबाईचा मुलगा इंद्रभान, कोकिळेचा बाप, जीपमधून आला तो आडवा. बीटी कपाशीला फवारणी लागत नाही म्हणायचे. पण त्या वर्षी अळी पडली आणि फवारायला माणसं पुरत नव्हती. पाठीवर पंप बांधून तो डोक्याएवढ्या कपाशीत शिरला आणि फवाऱ्याचं विष अंगात भिनलं. रस्ता शाळेपाशी संपतो, म्हणून त्याला व्हरांड्यात टेकवलं. जीव तिथेच गेला.

माणूस जिथे जातो तिथला दिवा दहा दिवस विझू द्यायचा नसतो. तेलाची वात वाऱ्यापुढे टिकेना. मनकर्णाबाईने वर पाहिलं आणि बटण दाबलं. बल्ब दिवसरात्र जळत राहिला. आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. गुरुजींनी एकदा बटणाकडे हात नेला, तिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. दहावा उजाडण्याआधीच बल्ब मिणमिणला आणि विझला.

खुर्शीदने येऊन पाहिलं तर अख्ख्या शाळेची ती एकच बॅटरी फुगलेली.

"काऊन व मावशी, दिवसा बंद ठेव म्हनलं होतं ना?"

"इंद्रभान हितंच गेला, खुर्शीदभाई."

पेचकस त्याच्या हातातच राहिला.

"मले सांगाचं ना. कंदील आनून देल्ला असता."

"कंदीलच पाह्यला त्यानं जनमभर. जातानी तरी..."

खुर्शीद खाली मान घालून म्हणाला, "नवी बॅटरी दिवाळीच्या आत नाही येनार, मावशी."

दिवाळी झाली. कोकिळा आईचं बोट धरून जीपमध्ये चढली. "आजी, लाइट आली का निरोप धाडजो!"

उन्हाळ्यात नवी बॅटरी आली. मनकर्णाबाईने जीपवाल्याजवळ निरोप धाडला. पोहोचलाही असेल. कोकिळा पुन्हा शाळेत बसली नाही. आता खाली उंद्री गावाकडच्या शेतांतून वेचणीला तिचा हात आईपेक्षा भरभर चालतो. गुरुजी निवृत्त झाले. खुर्शीद अजून शाळाशाळांतून सोलर बसवतो, आणि निघताना तिथे एक कंदील ठेवून जातो. का, ते कोणाला सांगत नाही.

मनकर्णाबाई खिचडी शिजवते. इंद्रभानच्या तिथीला ती व्हरांड्यातलं बटण बंद करते, त्या जागी पणती लावते आणि तेल संपेपर्यंत वाऱ्याला तळहात आडवा धरून बसते.