रिंगणाचा ढाळ

फरशीवाल्याची एक फुशारकी सगळ्यांना पाठ होती. "मी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवा. जागची हलली तर मिशी उतरवीन!" वीस वर्षांत मिशी काही उतरली नव्हती.

त्यामुळे घरामागच्या जागेत लेकीसाठी घोडेस्वारीचं रिंगण करायचं ठरलं, तेव्हा या पठ्ठ्याने ते कॅरम बोर्डासारखं सपाट केलं. लेकीला शिकवणाऱ्या मास्तरांनी बजावलं होतं, "अहो, ढाळ द्या. हा दिवाणखाना नाही." यावर हा म्हणाला, "मास्तर, तुम्ही घोडी सांभाळा, जमीन माझ्यावर सोडा." घ्या! खाली चिकणमाती, तिच्यावर थेट नदीची गुळगुळीत वाळू, आणि पाण्याला जायला वाट नाही. दोन दिवस पाऊस झाला. वरून वाळू सुकली, आत मात्र नुसता राडा होता. लेक आपल्या घोडीवर, भुरीवर, बसून निघाली. वळणावर भुरीचे मागचे पाय सटकले आणि घोडी लेकीच्या अंगावर पडली.

घोडीला खरचटलं. लेकीचा पाय दोन ठिकाणी मोडला.

याला आठ महिने झाले. लेक काठी घेऊन चालत होती. बापाला तिने एका शब्दानेही दोष दिला नव्हता, आणि तो रडलाही नव्हता. दवाखान्यात त्याने सह्या केल्या, चहा प्यायला, दुसऱ्या दिवशी कामावर गेला. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तसा हा माणूस नखशिखांत बधिर झाला होता. जेवताना मीठ कमी आहे का जास्त, तेही त्याला कळत नसे.

एकदा जेवता जेवता लेक म्हणाली, "बाबा, मला परत बसायचंय. रिंगण नीट कर. जमणार नसेल तर भुरीला मास्तरांकडे देऊन टाकू. उगाच खुंट्याला बांधून ठेवायची नाही."

"करतो," तो म्हणाला.

त्याने सगळं उकरलं. मास्तर कडेला उभे राहून सांगायचे आणि हा "हो मास्तर" म्हणत करायचा. मधून दोन्ही बाजूंना मीटरमागे एक सेंटिमीटर ढाळ. कडेने चर, चरात भोकांचा पाइप, वर खडी. पाइपाचं तोंड मागच्या नाल्यात. सगळ्या मातीवर जाड कापड, म्हणजे चिखल वर यायला नको. त्यावर खडी, मग बारीक कच ठोकून घट्ट केलेली, आणि शेवटी क्रशरची, दगड फोडून केलेली वाळू. तिचे दाणे टोकदार, एकमेकांना धरून राहणारे.

पाणसळीतला बुडबुडा एका बाजूला बसलेला दिसला की सपाट करायला त्याचे हात शिवशिवायचे. सवयीचा गुलाम, दुसरं काय! कच ठोकून झाल्यावर त्याने खिशातली गोटी खाली ठेवली. ती हळूच निघाली आणि थेट चरापर्यंत गेली. एरवी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्याने ती उचलून खिशात टाकली आणि वाळूची पहिली पाटी ओतली.

मग पाऊस आला, दोन दिवस. तिसऱ्या सकाळी पाइपाच्या तोंडातून स्वच्छ पाणी पडत होतं. लेक भुरीला घेऊन आली. काठीने वाळू टोचून पाहिली, चांगल्या पायाची टाच मारून पाहिली. बाप कुंपणापाशी उभा होता.

"पक्की आहे?" तिने विचारलं.

"पक्की आहे."

"मग आधी तू बस."

तो जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? ओट्यावरून कसाबसा चढला. लेकीने एका हातात काठी धरली, दुसऱ्यात लगाम, आणि लंगडत पुढे निघाली. भुरी चालू लागली. पहिली बाजू संपली आणि तेच वळण आलं. घोडी आत झुकली. त्याने दोन्ही हातांनी खोगिराची कड गच्च धरली. भुरीचा पाय वाळूत रुतला, टिकला, वळण पार पडलं.

लेकीने मागे वळून पाहिलं. "भीती वाटली?"

"वाटली गं," तो म्हणाला, आणि अपघातानंतर पहिल्यांदा त्याला हुंदका फुटला.

"मलाही वाटते, बाबा. रोज." तिने लगाम हलवला. "अजून एक फेरी मार. मग मी बसते."