न जन्मलेल्यांचे अंगठे

वालावलच्या गुरुदास मास्तरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एक काम मनापासून केलं होतं. अंगठा उठवणाऱ्या माणसांना त्यांनी सही करायला शिकवलं. साक्षरतेच्या वर्गात सत्तरीच्या म्हाताऱ्यांकडूनसुद्धा पाटीवर नाव गिरवून घेतलं. मग ते निवृत्त झाले, आणि मान वर करून बघतात तर सगळा देश पुन्हा अंगठ्यावर आलेला. त्यात त्यांची मुलगीच अंगठे तयार करण्याच्या धंद्यात पडलेली.

संचिता पुण्याच्या एका कंपनीत होती. घरून काम करायची मुभा मिळाली तशी ती गावी आली आणि पडवीच्या कोपऱ्यात टेबल मांडून बसली. घरात नेटवर्क त्या दोन फुटांतच येत असे, त्यामुळे वास्तुशास्त्राचा प्रश्न आला नाही. सकाळचा चहा होईपर्यंत ती जिलब्या पाडाव्यात तशी तीन-चार हजार बोटं पाडायची.

"कोणाचो ह्यो आंगठो?" पहिल्या दिवशी मास्तरांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"कोणाचोच नाय, बाबा."

"म्हणजे मेल्ल्या माणसाचो?"

"मेल्लो खंय? तो अजून जल्माकच येवक नाय. आणि येवचोय नाय."

मग तिने समजावून सांगितलं. बोटावरून माणूस ओळखणारं यंत्र विकायला काढायचं, तर आधी ते लाखभर बोटांवर पारखून घ्यावं लागतं. दोन वेगळ्या बोटांना ते एक समजत नाही ना, एकाच बोटाला दुसऱ्या दिवशी विसरत नाही ना, नकली बोटाला भुलत नाही ना. आता खऱ्या माणसांची लाखभर बोटं कोण देणार? आणि दिली, नि ती चोरीला गेली तर? पासवर्ड गेला तर बदलता येतो. अंगठा गेल्यावर माणसाने काय बदलायचं? म्हणून संगणकाकडूनच अशी बोटं काढून घ्यायची की जी दिसायला हुबेहूब, पण मागे माणूस नाही.

मास्तरांना हा व्यवहार पटला. पण पटणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं. पडद्यावर आधी मधोमध एक बारीक भोवरा उगवायचा. त्याच्याभोवती एक रेघ फिरायची, तिला फाटा फुटायचा, फाटा दुसऱ्या रेघेला जाऊन मिळायचा. कुठे शंख, कुठे चक्र. लाखात एक दुसऱ्यासारखं नाही. मग संचिता त्यावर घाम घालायची, कोरडेपणा घालायची, म्हातारपण घालायची. एका बोटावर तिने आडवा वण घातला.

"ह्येका काय लागला?"

"कोयतो."

"कोणी मारल्यान?"

"बाबा, तो माणूसच नाय तर कोयतो कोण मारतलो?"

जो माणूस कधी झालाच नाही, त्याला कोयता लागून बरासुद्धा झाला होता. लक्ष्मीनारायणाच्या गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की आवाज आपसूक खाली येतो, तसा त्या दिवसापासून पडवीत त्यांचा आवाज खाली आला. वर्तमानपत्राचं पान उलटतानासुद्धा ते जपून उलटू लागले.

अशी गोष्ट गावात किती दिवस झाकून राहणार? मास्तरांनी ती फक्त दोघांना सांगितली होती. आठवड्याने खालच्या वाडीतली शेवंती घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली.

"मास्तरांनु, संचिता आसा?"

शेवंती कुडाळच्या रस्त्यावरच्या काजूच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काजू सोलत होती. संचिता बाहेर आली तशी ती पायरीवर टेकली आणि साखर मागावी इतक्या सहज म्हणाली, "गो, तू आंगठे करतस म्हणे. माका एक करून दी."

"कशाक गो काकी?"

"माझो सपलो."

मास्तर हसले. संचितासुद्धा हसली. शेवंती काही हसली नाही, तेव्हा दोघं थांबली.

कारखान्यात हजेरीचं नवं यंत्र आलं होतं. सकाळी त्याच्या काचेवर अंगठा टेकायचा, मग ते बाईच्या आवाजात 'आपली हजेरी नोंदवली आहे' म्हणतं. शेवंतीला ते रोज 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत होतं. तिच्यासारख्या सोलणाऱ्या आणखी दहा जणी होत्या. सुपरवायझर जितेंद्रने सांगून टाकलं होतं की ज्यांचा अंगठा एक तारखेपर्यंत लागणार नाही, त्यांची नावं पटावरून जातील. एक तारखेला सहा दिवस होते.

"सव्वीस वर्सा एकाच पाटार बसतंय," शेवंती म्हणाली. "आता ता मशीन म्हणता, ही बाई कोण?"

संचिताने आपल्या टेबलावरची बोट वाचायची डबी पुढे केली. शेवंतीने अंगठा टेकला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. काहीच म्हणजे, शेणाने नुकतंच सारवून काढलेलं खळं जसं दिसतं तसं. मग तर्जनी, मग मधलं बोट. सगळी सारवलेली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे वालावलात तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. ते रेघासुद्धा खातं, हे कोणी मुद्दाम बघितलं नव्हतं.

शेवंती गेल्यावर संचिताने कारखान्यातल्या यंत्राचं नाव शोधलं आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"काय झाला?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा, ता मशीन आमीच पास केला. माझ्याच बोटांर. शंभरातली नव्याण्णव लागली."

"मगे?"

"मियां गवंड्यांची बोटां केलंय. धुणीभांडी करणाऱ्यांची केलंय. बर्फात काम करणाऱ्यांची केलंय, बर्फ कधी बगूक नाय तरी. काजी सोलणाऱ्यांचा एकय बोट करूक नाय." ती थांबली. "ल्हान असताना शेवंतीकाकीच माजी येणी घाली."

मास्तरांनी शिक्षक या नात्याने काहीतरी बोधपर म्हणायला तोंड उघडलं, आणि आपणही साठ वर्षं तेच हात बघत आलो हे आठवून मिटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कारखान्यात गेली. जितेंद्र हा मास्तरांचाच विद्यार्थी. शाळेत तो मालवणी बोलायचा म्हणून मास्तर त्याला ओरडत. आता ऑफिसात तो इतकं शुद्ध बोलायचा की मास्तरांना पश्चात्ताप होत असे.

"सर, मशीन अगदी चोख आहे," जितेंद्र म्हणाला. "एक लाख बोटांवर तपासलेलं आहे. तसं सर्टिफिकेटच आहे."

"ता सर्टिफिकेट हिच्याच सहीचा आसा," मास्तर म्हणाले.

जितेंद्रने संचितासाठी खुर्ची मागवली. मग त्याने सुचवलं, "मॅडम, मशीन थोडं सैल करता येणार नाही का? फार कडक बघतं ते. जरा नरमाईनं घेतलं, तर बायकांचं काम होईल."

ही सूचना सगळ्यांनाच माणुसकीची वाटली. संचिताने यंत्र सैल केलं. शेवंतीला बोलावलं. तिने अंगठा टेकला आणि यंत्र लगेच म्हणालं, 'आपली हजेरी नोंदवली आहे.' दारात जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जितेंद्रने चहा सांगितला.

संचिताने मात्र लॅपटॉप उघडला आणि आपली लाखभर माणसं एकेक करून त्या सैल यंत्रासमोर उभी केली. चहा यायच्या आत निकाल आला.

"चार हजार तीनशे," ती म्हणाली.

"काय?"

"इतकी जणं शेवंतीकाकी आहेत. त्यांतल्या कोणीही इथे बोट टेकलं, तर हे यंत्र म्हणेल, या शेवंतीबाई, बसा."

चार हजार तीनशे माणसं, आई नाही, बाप नाही, गाव नाही, आणि तरी एकाच बाईच्या पाटाशी रांग लावून उभी. मास्तरांनी नकळत दाराकडे बघितलं.

शेवंतीने मनातल्या मनात हिशोब केला. "इतकी जणा माझ्या जाग्यार बसाक तयार आसत? येवंदेत. दोन दिवस तेल लागला काय आपसूकच पळतील."

जितेंद्रने यंत्र पुन्हा कडक केलं. मग चहा आला.

"मी जरा काम बघते," संचिता म्हणाली. "बोटांचं नक्की काय होतं, ते तरी कळू दे."

शेडमध्ये चाळीस बायका पाटांवर बसल्या होत्या. फोडलेली बी डाव्या हातात घ्यायची, उजव्या हातातल्या सुरीने गर उचलायचा, टरफल बाजूला, गर टोपलीत. हाताला राख लावलेली, तरी बोटं काळी. हवेत जळका, तिखट वास. मास्तर एका खांबाला टेकले. संचिता शेवंतीसमोर उकिडवी बसून बघत राहिली. अर्धा तास ती नुसती बघत होती.

शेवंतीच्या नाकाला खाज आली. तिने सुरी न ठेवताच उजव्या हाताची करंगळी लांब केली, नाक खाजवलं, डोळ्यावर आलेली बट त्याच करंगळीने मागे सारली, आणि पुन्हा बी उचलली. पलीकडच्या बाईने करंगळीने डोळ्याचा कोपरा पुसला. तिच्या पलीकडचीने करंगळीने पदर खोचला.

संचिताने मान वळवून चाळीसही हात बघितले. चाळीस करंगळ्या कामाबाहेर उभ्या होत्या, आणि चाळीसही स्वच्छ होत्या.

"काकी," ती हळूच म्हणाली, "तां बोट दाखय."

शेवंतीने करंगळी मुठीत मिटली. "ह्या न्हय."

"कशाक?"

"ह्या माझा आसा." आजूबाजूच्या सुऱ्या थांबल्या. "पैल्या दिवशी आमच्या सासूबायनी सांगल्यानी, नऊ बोटा कारखान्याक दी, एक घराकडे ठेव. ह्या तेल तोंडाक लागला तर फोड येतत. मगे नाक खाजवतलंय कशान? कुकू लावतलंय कशान? नातवाच्या डोळ्यात काजळ कोण घालतला, जितेंद्र?"

दारात उभा असलेला जितेंद्र जमिनीकडे बघू लागला.

"सव्वीस वर्सा सांबाळलंय. आता ताय देव? मगे माझ्याकडे रवला काय?"

संचिताने एक शब्दही आग्रहाचा काढला नाही. "खरा आसा," एवढंच ती म्हणाली आणि उठायला लागली.

शेवंतीने आपल्या पाटाकडे बघितलं. पाटाची पुढची कड तिच्या घोट्याच्या मापाने झिजली होती.

"थांब गो," ती म्हणाली. "सोलूक लावूचे नाय मां ह्येका?"

"नाय. सकाळी एकदा टेकायचा, बस."

"पण त्या काचेर सगळ्यांचो तेलकट आंगठो टेकता. तशा काचेर मी ह्या बोट टेकूचंय नाय. आधी पुसून देवक व्हयी. रोज."

"पुसूया," संचिता म्हणाली.

"तू न्हय. तू जातलस पुण्याक. जेणा मशीन हाडल्यान तो पुसतलो."

सगळी शेड जितेंद्रकडे वळली. जितेंद्रने खिशातून रुमाल काढला. तो इस्त्रीचा होता. यंत्राच्या यादीत करंगळी अगदी तळाला होती, तिथवर खाली कोणी उतरलंच नव्हतं. संचिताने ती निवडली. जितेंद्रने काच पुसली, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसली. शेवंतीने पदराला हात पुसला आणि करंगळी टेकवली.

लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा उमटल्या. ओहोटीचं पाणी उतरल्यावर खाडीकाठच्या वाळूवर राहतात तशा, एकीमागे एक, कुठे न तुटता वळत गेलेल्या, मधे एक शंख, शंखाच्या टोकाशी बारीकसा फाटा. मास्तर पुढे झाले. इतके दिवस ते रोज हजारो बोटं बघत होते. या बोटापाशी मात्र त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

संचिताने आपली लाख माणसं पुन्हा रांगेत उभी केली. एकेक करून ती पुढे आली आणि एकेक करून परत गेली.

"किती?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

"शून्य."

"एकय नाय?"

"लाखात एकय नाय, बाबा. आणखी लाख केलंय तरी नाय." ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. चहाआधी चार हजार बोटं पाडणारी पोर एका बोटाकडे अशी बघत होती, की जणू तिला कोणीतरी पहिल्यांदाच पाटी-पेन्सिल दिली आहे.

"इतक्या काय बगतास?" शेवंती म्हणाली. "जल्मापासून तसाच आसा ता."

एक तारखेला मास्तर सकाळी मुद्दाम कारखान्यावर गेले. अकरा बायका यंत्रासमोर करंगळी वर करून रांगेत उभ्या होत्या. चौतीस वर्षं मास्तरांच्या वर्गात करंगळी बाहेर जाण्यासाठी वर होत असे. आत येण्यासाठी वर झालेली ते प्रथमच बघत होते. रांगेत पहिली शेवंती होती.

जितेंद्र काच पुसत होता.

"तो कोपरो रवलो, बाबू," शेवंती म्हणाली, आणि तो पुसून होईपर्यंत तिने बोट खाली केलं नाही.